विश्लेषण : चौकटीत काय ठेवायचे, काय वगळायचे? डोरोथिया लँग यांची छायाचित्रे आजही का पाहिली जातात?

बत्तीस वर्षांची एक आई. हनुवटीजवळ टेकलेला हात, कपाळावर आठ्या, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून विसावलेली दोन मुले आणि मांडीवर झोपलेले तान्हे बाळ. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ओळखले जाणारे हे छायाचित्र मार्च १९३६ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील निपोमो या गावाजवळ काढले गेले. तिथल्या महामंदीचा विषय निघाला की आजही सर्वांत आधी हेच छायाचित्र डोळ्यांसमोर येते. ते टिपणाऱ्या डोरोथिया लँग (१८९५-१९६५) यांनी त्या दिवशी त्याच कुटुंबाचे आणखीही काही फोटो काढले होते. त्यांत तंबू दिसतो, सामानाची पेटी दिसते, मोठी मुलगीही दिसते. गाजला मात्र तोच फोटो, ज्यात यांपैकी काहीच नाही.

फोटोत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न आज मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकापुढे असतो. लँग यांचे सगळे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. त्यांच्या निवडीमुळे काहींना मदत मिळाली, काही जण दुखावले आणि काही फोटो तर लष्कराने अडवून ठेवले.

डोरोथिया लँग कोण होत्या?

लँग यांचा जन्म २६ मे १८९५ रोजी न्यू जर्सीतील होबोकेन येथे एका जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. सातव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. त्यातून त्या वाचल्या, पण उजवा पाय कायमचा अधू झाला आणि चालताना आयुष्यभर लंगड राहिली. त्या लहान असतानाच वडील घर सोडून गेले. पुढे त्यांनी वडिलांचे नुटझॉर्न हे आडनाव टाकून आईचे माहेरचे लँग हे नाव घेतले.

आई न्यूयॉर्कमध्ये नोकरी करायची. शाळा सुटल्यावर लहानगी डोरोथिया शहराच्या गजबजलेल्या, गरीब वस्त्यांतून एकटीच फिरायची आणि लोक न्याहाळायची. हातात कॅमेरा येण्याआधीच छायाचित्रकार व्हायचे त्यांनी ठरवून टाकले होते. न्यूयॉर्कमधील काही स्टुडिओंत त्यांनी उमेदवारी केली आणि कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गात धडे घेतले.

१९१८ मध्ये त्या मैत्रिणीबरोबर जगाच्या सफरीवर निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच त्यांचे पैसे चोरीला गेले आणि सफर तिथेच संपली. पोटासाठी त्यांनी फोटो धुऊन देणाऱ्या दुकानात काम धरले आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. शहरातील श्रीमंत कुटुंबे त्यांच्याकडे येऊ लागली. १९२० मध्ये चित्रकार मेनार्ड डिक्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे दोन मुलगे झाले.

स्टुडिओ सोडून त्या रस्त्यावर का आल्या?

१९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर अमेरिकेत बेकारी झपाट्याने वाढली. लँग यांच्या स्टुडिओच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा. तिथे काम नसलेली माणसे दिवसभर दिशाहीन फिरताना दिसत. आत मंद उजेडात नटूनथटून बसलेले गिऱ्हाईक आणि बाहेर ही माणसे. हा फरक त्यांना सोसवेना.

१९३३ मध्ये कॅमेरा घेऊन त्या खाली उतरल्या. जवळच एक धनिक महिला बेकारांना मोफत जेवण देत असे. ‘व्हाइट एंजल’ म्हणून ती शहरात ओळखली जायची. जेवणाच्या रांगेत माणसांची दाटी होती. लँग यांनी ही दाटी टिपली, पण त्यांची नजर एकाच माणसावर थांबली. चुरगळलेली हॅट घातलेला एक वयस्कर माणूस गर्दीकडे पाठ करून लाकडी कठड्यावर वाकला होता. दोन्ही हात एकमेकांत गुंतलेले आणि कोपरांच्या मध्ये पत्र्याचा रिकामा डबा.

‘व्हाइट एंजल ब्रेडलाइन’ हे ते छायाचित्र. त्याची रचना साधी आहे. बाकी सगळे पाठमोरे, एकच माणूस उलट दिशेला. चेहरा हॅटखाली झाकलेला आहे, त्यामुळे बघणाऱ्याची नजर हातांवर आणि डब्यावर जाते. केवळ गर्दीचा फोटो असता तर तो बातमीपुरता राहिला असता. गर्दीतला एक माणूस वेगळा पडल्यामुळे बेकारी म्हणजे काय, हे बघणाऱ्याला जाणवते.

सरकारी कामात कॅमेरा कसा शिरला?

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ पॉल टेलर तेव्हा स्थलांतरित शेतमजुरांचा अभ्यास करत होते. लँग यांचे फोटो पाहून १९३५ मध्ये त्यांनी त्यांना राज्य सरकारच्या मदतकार्यात सामील करून घेतले. खर्चाच्या यादीत छायाचित्रकाराचे पद नव्हते, म्हणून कागदोपत्री त्यांची नेमणूक टंकलेखनिकाच्या जागेवर झाली. टेलर यांचे आकडे आणि लँग यांचे फोटो असा अहवाल तयार झाला आणि मजुरांसाठी सरकारी छावण्या उभारण्याच्या मागणीला बळ मिळाले. त्याच वर्षी डिक्सन यांच्यापासून घटस्फोट घेऊन लँग यांनी टेलर यांच्याशी विवाह केला.

यानंतर त्या केंद्र सरकारच्या ‘रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये रुजू झाल्या. हाच विभाग पुढे ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ झाला. रॉय स्ट्रायकर हे तिथल्या छायाचित्र विभागाचे प्रमुख होते. दुष्काळ, धुळीची वादळे, पिकांचे कोसळलेले भाव आणि ट्रॅक्टर यांमुळे गाव सोडून पश्चिमेकडे निघालेल्या लाखो शेतकऱ्यांची नोंद करणे, हे या विभागाचे एक मोठे काम होते.

लँग यांची कामाची पद्धत ठरलेली होती. त्या कॅमेरा लपवत नसत. आधी गप्पा मारत, कधी प्यायला पाणी मागत आणि ते सावकाश पीत. तोवर समोरच्याचे अवघडलेपण जाई. आपल्या लंगडण्यामुळे गरीब, थकलेली माणसे आपल्याला लवकर जवळ करतात, असे त्यांना वाटायचे. फोटो काढून झाला की गाडीत बसून त्या माणसांचे बोलणे वहीत उतरवून घेत. मजुरी किती, गाव कुठले, किती एकर जमीन गेली, हा तपशील त्यांना फोटोइतकाच महत्त्वाचा वाटे.

निपोमोत त्या दिवशी काय झाले?

महिनाभराचा दौरा संपवून लँग एकट्याच गाडी चालवत घरी निघाल्या होत्या. पाऊस पडत होता. रस्त्याच्या कडेला मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. काम पुरेसे झाले आहे, अशी मनाची समजूत घालत त्या पुढे निघाल्या. सुमारे ३२ किलोमीटर गेल्यावर मात्र त्यांनी गाडी वळवली आणि त्या तळावर परतल्या. हा तपशील त्यांनी स्वतः २४ वर्षांनी लिहून ठेवला.

त्या हंगामात मटाराचे पीक गारठून गेले होते. काम नव्हते, त्यामुळे मजुरी नव्हती. एका कापडी आडोशाखाली एक आई मुलांना घेऊन बसली होती. लँग यांनी सुरुवातीचे फोटो लांबून काढले. त्यांत अख्खा आडोसा आहे, चिखल आहे, खुर्चीत बसलेली मोठी मुलगी आहे. हे सगळे खरे होते, पण नजर कुठे थांबावी, हे कळत नव्हते. लँग पावला-पावलाने जवळ गेल्या. एका फोटोत आई बाळाला पाजते आहे. दुसऱ्यात एक मूल तिच्या खांद्यावर टेकले आहे आणि बाजूच्या पेटीवर रिकामे ताट आहे.

शेवटी चौकटीत उरली ती आई, दोन मुले आणि बाळ. मुलांनी तोंडे फिरवली आहेत, त्यामुळे चेहरा दिसतो तो एका आईचाच. मुलांचे मळके कपडे, विस्कटलेले केस आणि आईच्या बाहीची फाटकी कड एवढ्यावरून परिस्थिती समजते. तंबू दाखवावा लागत नाही. आई कॅमेऱ्याकडे बघत नाही, दूर कुठेतरी बघते. तिचा हात बघणाऱ्याची नजर पुन्हा चेहऱ्याकडे नेतो. एकेक गोष्ट काढून टाकत लँग या फोटोपर्यंत पोहोचल्या.

‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ने १० मार्चला उपाशी मजुरांची बातमी लँग यांच्या फोटोंसह छापली. त्यानंतर सरकारने त्या तळावर २० हजार पौंड, म्हणजे सुमारे ९ हजार किलो धान्य व अन्न पाठवले. पण तोवर ते कुटुंब तिथून निघून गेले होते.

अंगठ्याचा वाद काय होता?

मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खाली, तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा दिसतो. तो मधेच डोकावतो आणि लक्ष विचलित करतो, असे लँग यांना वाटले. १९३९ च्या सुमारास त्यांनी निगेटिव्हवर काम करवून तो पुसट केला. स्ट्रायकर यांना हे मुळीच पटले नाही. सरकारी दस्तऐवजात फेरफार झाला तर बाकीच्या फोटोंवरही लोक शंका घेतील, अशी त्यांची भीती होती.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा ‘इरेझर’ वापरण्याचा वाद होता. त्या अंगठ्याने फोटोचा अर्थ बदलत नव्हता. तरीही एक गोष्ट पुसली की पुढे किती पुसायचे, हा स्ट्रायकर यांचा मुद्दा निराधार नव्हता. तंबूतली पेटी किंवा मोठी मुलगी वगळण्यासाठी लँग जागेवरून हलल्या होत्या. अंगठा मात्र फोटो काढून झाल्यावर नाहीसा झाला. वादाचे मूळ या फरकात होते.

त्या आईचे पुढे काय झाले?

लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. ४० हून अधिक वर्षे ती निनावीच राहिली. १९७८ मध्ये मोडेस्टो शहरातील एका वृत्तपत्राने तिला शोधून काढले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचे नाव. ती मूळची ओक्लाहोमाची आणि चेरोकी या आदिवासी समाजातील होती. आपल्याला न विचारता आपले दारिद्र्य जगभर दाखवले गेले आणि हाती एक पैसाही आला नाही, ही तिची तक्रार होती. फोटो सरकारी कामात काढलेला असल्यामुळे त्याच्या स्वामित्वहक्काचे पैसे लँग यांनाही मिळत नव्हते.

लँग यांच्या नोंदीही पूर्ण बरोबर नव्हत्या. अन्नासाठी कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असे त्यांनी लिहिले होते. कुटुंबाच्या म्हणण्यानुसार तसे घडलेच नव्हते. गाडी बिघडली म्हणून ते तिथे थांबले होते आणि घरची पुरुष मंडळी दुरुस्तीसाठी गावात गेली होती. एरवी नोंदींबाबत काटेकोर असलेल्या लँग यांची घाई या एका ठिकाणी महागात पडली.

१९८३ मध्ये थॉम्प्सन गंभीर आजारी पडल्या. मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा देशभरातून ३५ हजार डॉलरहून अधिक रक्कम आणि ढीगभर पत्रे आली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. फोटोचा राग धरून बसलेल्या मुलांना ती पत्रे वाचून लोकांना आपल्या आईविषयी आदर वाटतो, हे पहिल्यांदा कळले.

चौकटीतल्या गोष्टी लँग कशा निवडत?

त्यांचे फोटो शेजारी ठेवले तर काही सवयी दिसतात. पहिली म्हणजे हात. चेहरा भाव लपवू शकतो, हात सहसा लपवत नाहीत. ॲरिझोनात १९४० मध्ये टिपलेल्या कापूस वेचणाऱ्या मजुराने उघडा तळवा तोंडापुढे धरला आहे. त्या तळव्यावरच्या रेषांतून त्याचे कष्ट दिसतात.

दुसरी सवय म्हणजे विरोध दाखवणारी दोन दृश्ये एकाच चौकटीत आणणे. १९३७ मध्ये लॉस एंजलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन माणसे सामान घेऊन पायी चालली होती. रस्त्याच्या कडेला रेल्वेच्या आरामदायी प्रवासाची भलीमोठी जाहिरात होती. नुसती माणसे टिपली असती तर ते दोन वाटसरू ठरले असते. फलक सोबत आल्यामुळे प्रवास कोणाला परवडतो, हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

तिसरी सवय म्हणजे माणूस नसतानाही माणसाची गोष्ट सांगणे. टेक्सासच्या चिल्ड्रेस परगण्यात १९३८ मध्ये काढलेल्या फोटोत एक रिकामे घर आहे आणि नांगरटीचे तास थेट घरापर्यंत आले आहेत. अंगण, गोठा, भाजीचा वाफा यांना जागाच उरलेली नाही. ट्रॅक्टर आले, कुळे गेली, हे त्या रेषाच सांगतात.

एका क्रॉपने अर्थ कसा बदलला?

मिसिसिपी राज्यात १९३६ मध्ये लँग यांनी एका कापूस मळ्यावरील गोऱ्या मुकादमाचा फोटो काढला. तो आपल्या मोटारीच्या बंपरवर पाय ठेवून ऐटीत उभा आहे. मागे दुकानाच्या ओसरीवर काही कृष्णवर्णीय मजूर आहेत. मुकादमाने अडवलेली जागा, मजुरांचे मागे असणे आणि मधली चकचकीत गाडी यांवरून त्या गावात सत्ता कोणाची, हे लगेच कळते.

दोन वर्षांनी कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्या ‘लँड ऑफ द फ्री’ या पुस्तकात हाच फोटो छापला गेला, पण कापून. मजूर गेले, उरला एकटा मुकादम. ज्या माणसामुळे वर्णभेदाची उतरंड दिसत होती, तोच आता स्वतंत्र बाण्याचा साधा अमेरिकन शेतकरी वाटू लागला. फोटोतील एकही रेषा खोटी नव्हती. फक्त चौकट लहान झाली होती. निपोमोत वगळण्याने अर्थ धारदार झाला होता, इथे वगळण्यानेच तो उलटा झाला.

कदाचित म्हणूनच १९३९ मध्ये टेलर यांच्यासह ‘ॲन अमेरिकन एक्झोडस’ हे पुस्तक करताना लँग यांनी फोटोंसोबत त्या-त्या माणसांचे शब्द आणि शेतीतील बदलांची माहितीही छापली.

लष्कराने त्यांचे फोटो का अडवले?

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरे-दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. या स्थलांतराची नोंद करण्यासाठी सरकारने लँग यांना नेमले. हा निर्णय त्यांना मनातून मान्य नव्हता, तरीही नोंद राहावी म्हणून त्यांनी काम स्वीकारले.

काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि सशस्त्र सैनिक टिपायला मनाई होती. जे दाखवायचे तेच वर्ज्य, अशी ही अडचण होती. लँग यांनी दुसऱ्या खुणा शोधल्या. ओकलंडमध्ये एका जपानी वंशाच्या दुकानदाराने आपण अमेरिकन असल्याचा मोठा फलक दुकानावर लावला होता. त्याच दुकानावर ते विकले गेल्याची पाटीही होती. लँग यांनी दोन्ही एकाच चौकटीत घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाची शपथ घेणारी, लवकरच छावणीत जाणार असलेली मुले त्यांनी टिपली. निघण्याच्या तयारीत बसची वाट पाहणाऱ्या एका कुटुंबाच्या फोटोत लहान मुलांच्या कोटांनाही सामानासारख्या चिठ्ठ्या बांधलेल्या दिसतात.

या फोटोंत बंदूक दिसत नाही, पण अन्याय स्पष्ट दिसतो. लष्करालाही तो दिसला असावा. युद्ध संपेपर्यंत हे फोटो प्रसिद्ध होऊ दिले गेले नाहीत आणि नंतर ते राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. त्यांतील शंभराहून अधिक फोटोंचे स्वतंत्र पुस्तक निघायला २००६ साल उजाडावे लागले.

अखेरची वर्षे कशी होती?

युद्धानंतर पोटाच्या आजाराने लँग यांना बराच काळ काम करता आले नाही. तरीही त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत विद्यार्थ्यांना शिकवले आणि १९५२ मध्ये ‘ॲपर्चर’ या छायाचित्रणविषयक नियतकालिकाच्या स्थापनेत भाग घेतला. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर शेवटचे महिने त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मधील आपल्या प्रदर्शनासाठी फोटो निवडण्यात घालवले. आयुष्यभराच्या कामातून काय ठेवायचे आणि काय वगळायचे, ही त्यांची अखेरची निवड. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले आणि प्रदर्शन जानेवारी १९६६ मध्ये भरले.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट झूमऐवजी पायांची. लँग लांबून सुरुवात करत आणि दर फोटोला थोडे पुढे सरकत. जत्रा, बाजार, वारी किंवा घरचे कार्य टिपताना पहिला फोटो सगळ्यांचा घ्यावा आणि मग एकच माणूस, एकच हात किंवा एकच वस्तू शोधावी. सगळे एकीकडे बघत असतील, तर उलट दिशेला बघणारा कोण, हे पाहावे. मागे दिसणारी पाटी, फलक किंवा मोकळी जागा नेहमीच अडथळा नसते. कधी फोटोचा खरा विषय तिथेच असतो.

दुसरी गोष्ट क्रॉप करण्याआधीची. कडेची बादली किंवा विजेची तार गेली तर सहसा बिघडत नाही. पण ज्या माणसाला कापतो आहोत, त्याच्या जाण्याने उरलेल्या माणसाची ओळख बदलते का, हे तपासायला हवे. मिसिसिपीच्या मुकादमाचे दोन्ही फोटो त्यासाठी शेजारी ठेवून पाहावेत.

तिसरी गोष्ट नावाची. अनोळखी माणसाचा फोटो पुढे पाठवण्याआधी त्याला विचारावे, जमल्यास नाव-गाव नीट लिहून घ्यावे. निपोमोत ती आई समोर बसलेली असतानाही तिचे नाव वहीत उतरले नाही. ते जगाला कळायला ४२ वर्षे लागली. लँग यांचे सरकारी कामातील फोटो अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. निपोमोचे गाजलेले आणि न गाजलेले फोटोही तिथे आहेत.